घरगुती विद्युत वाहन चार्जर आणि विद्युत सुरक्षा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

विद्युत वाहन घरी चार्ज करण्यास कोणताही परवाना लागत नाही. परंतु त्यासाठी करावयाच्या वीज जोडणीस तांत्रिक सुरक्षेचे निश्चित नियम लागू आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आणि भारतीय मानक ब्युरोची मानके यांत हे नियम नमूद आहेत. प्रस्तुत लेखात या नियमांमागील कारणे स्पष्ट केली असून चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील तीव्र उन्हाळा, कोरडी व खडकाळ जमीन, पूर, वादळी विजा आणि लांब लघुदाब वाहिन्या यांच्या पार्श्वभूमीवर त्यांचा अर्थ कसा बदलतो याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विद्युत वाहन, घरगुती चार्जर, अर्थिंग, वीजगळती रक्षक, मंजूर भार, चंद्रपूर, गडचिरोली.

१. प्रस्तावना

चंद्रपूर जिल्हा हा महाराष्ट्राच्या वीजनिर्मितीचा एक प्रमुख आधार आहे. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज या केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या नव्या जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्रावर वन आहे. एका बाजूस राज्याला वीज पुरविणारे शहर आणि दुसऱ्या बाजूस जंगलातून दूरवर गेलेल्या वाहिन्यांच्या टोकाशी वसलेली गावे, असे या परिसराचे दुहेरी चित्र आहे. विजेची उपलब्धता आणि विजेची सुरक्षितता या दोन भिन्न बाबी आहेत, हे या चित्रावरून सहज लक्षात येते.

गेल्या काही वर्षांत विद्युत दुचाकी व मोटारी या दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, राजुरा, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली या गावांदरम्यान नित्य ये-जा करणाऱ्या नोकरदार वर्गास, त्यात प्राध्यापक वर्गही आलाच, इंधनखर्चाच्या दृष्टीने असे वाहन सोयीचे वाटते. सार्वजनिक चार्जिंग केंद्रे मोठ्या शहरांच्या तुलनेने विरळ असल्याने येथील वाहनधारकाचा मुख्य भर घरच्या चार्जिंगवर राहतो. आणि घरची वायरिंग बहुधा पंखे, दिवे, दूरदर्शन संच व शीतकपाट यांचा विचार करून केलेली असते. या वायरिंगवर रात्रभर चालणारा मोठा भार टाकताना कोणते नियम पाळावेत, हा प्रश्न केवळ विद्युत अभियंत्यांपुरता मर्यादित नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) घरगुती चार्जिंगसंबंधी विद्यमान कायदेशीर स्थितीचा परिचय करून देणे.
(आ) सुरक्षा नियमांमागील शास्त्रीय कारणे सोप्या गणितासह स्पष्ट करणे.
(इ) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या हवामान व भूरचनेनुसार या नियमांच्या अंमलबजावणीत घ्यावयाची विशेष काळजी सुचविणे.
(ई) महाविद्यालयांनी या संदर्भात काय करता येईल याचा निर्देश करणे.

३. कायदेशीर स्थिती

विद्युत अधिनियम, २००३ नुसार विजेची विक्री करण्यास परवाना आवश्यक असतो. वाहन चार्ज करणे ही विजेची विक्री आहे काय, असा प्रश्न प्रारंभी उपस्थित झाला होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्टीकरण देऊन चार्जिंग ही सेवा असल्याचे व त्यासाठी परवान्याची गरज नसल्याचे सांगितले. १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहनधारकास आपल्या घरी किंवा कार्यालयात विद्यमान वीज जोडणीवरून वाहन चार्ज करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. त्यानंतर १७ सप्टेंबर २०२४ रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकास वाहन चार्जिंगकरिता स्वतंत्र वीज जोडणी मागता येते.

परवाना नको याचा अर्थ नियम नको असा मात्र होत नाही. अधिनियमाच्या कलम ५३ नुसार सुरक्षेच्या उपाययोजना ठरविण्याचा अधिकार केंद्रीय विद्युत प्राधिकरणास आहे. प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन विद्युत वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. पुढे २०२३ च्या नव्या विनियमांनी जुन्या विनियमांची जागा घेतली. या तरतुदींतील घरगुती जोडणीस उपयुक्त अशा प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे आहेत.

(१) प्रत्येक चार्जिंग बिंदूस स्वतंत्र अंतिम उपमंडल असावे व त्याचे अतिप्रवाह संरक्षण अन्य कोणत्याही भारासोबत सामाईक नसावे.
(२) वीजगळती रक्षक ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक क्षमतेचा नसावा, तो किमान ‘ए’ प्रकाराचा असावा आणि त्याने न्यूट्रलसह सर्व वाहक तारा तोडाव्यात.
(३) सॉकेट जमिनीच्या तयार पृष्ठभागापासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे.
(४) एक्स्टेंशन बोर्ड, जोडकेबल, ॲडॉप्टर किंवा हलविता येणारे सॉकेट वापरू नये.
(५) वाहन उभे करण्याची जागा अशी असावी की वाहनावरील जोडणीचे स्थान चार्जिंग बिंदूपासून ५ मीटरच्या आत येईल.
(६) विजेपासून संरक्षणाची योग्य व्यवस्था असावी.

याखेरीज वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि चार्जिंग उपकरणांसाठी आयएस १७०१७ ही मानके आहेत. वायरिंगचे काम शासनमान्य परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे, ही अटही विनियमांत आहे.

४. चार्जिंगचे प्रकार

आयएस १७०१७ मध्ये चार्जिंगच्या चार पद्धती मानल्या आहेत. पहिल्या पद्धतीत वाहन साध्या केबलने थेट सॉकेटला जोडले जाते. मध्ये कोणतेही नियंत्रण नसते. दुसऱ्या पद्धतीत केबलवरच एक नियंत्रण पेटी असते. मोटारीसोबत मिळणारा १५ अँपिअरचा केबल चार्जर या प्रकारात मोडतो व तो सुमारे ३.३ किलोवॅट शक्ती घेतो. तिसऱ्या पद्धतीत भिंतीवर कायम बसविलेला चार्जर असतो. एकफेज ३२ अँपिअरचा असा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट शक्ती देतो. चौथी पद्धत म्हणजे सार्वजनिक केंद्रांवरील एकदिश प्रवाहाचा जलद चार्जर. घरगुती वापरात तिचे प्रयोजन नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या पद्धतीत वाहन आणि चार्जर यांच्यात एक सूक्ष्म संकेत सतत चालू असतो. जोडणी पक्की झाल्याची व अर्थ तार जुळल्याची खात्री झाल्यावरच चार्जर मुख्य प्रवाह सोडतो. वाहनाने किती प्रवाह घ्यावा हेही हाच संकेत ठरवितो. म्हणूनच अर्थिंग नसलेल्या घरात चार्जरचा लाल दिवा लागतो व वाहन चार्ज होत नाही. हा चार्जरमधील दोष नसून घराच्या वायरिंगमधील दोषाची सूचना असते.

५. दीर्घकाळ चालणारा भार

घरात १५ अँपिअरचे सॉकेट असतेच, गीझर किंवा इस्त्री त्यावर चालते, मग मोटार का चालू नये, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर काळात आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधूनमधून तापते. मोटारीचा चार्जर मात्र आठ ते दहा तास अखंड पूर्ण प्रवाह घेतो. तार, स्क्रू व सॉकेटची पितळी पकड यांना थंड होण्यास उसंत मिळत नाही.

सॉकेटच्या एखाद्या सैल जोडात केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला असे समजू. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ अँपिअर प्रवाहास त्या एका बिंदूवर २२.५ वॅट, तर ३२ अँपिअर प्रवाहास १०२ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत इतकी उष्णता तासन्‌तास राहिल्यास प्रथम प्लास्टिक पिवळे पडते, नंतर वितळते व अखेरीस पेट घेते. एमसीबी या स्थितीत पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. एक्स्टेंशन बोर्ड व ॲडॉप्टर यांस मनाई का आहे, याचे उत्तर यातच आहे; प्रत्येक अधिक जोड म्हणजे सैल होण्याची एक अधिक शक्यता.

तारेची लांबीही विचारात घ्यावी लागते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मीटरपासून अंगणातील वाहनापर्यंत ३० मीटर अंतर असल्यास जाणे-येणे मिळून ६० मीटर तार लागते व तिचा रोध सुमारे ०.४४ ओहम होतो. १५ अँपिअर प्रवाहास या तारेत सुमारे ६.७ व्होल्टची घट व १०० वॅट उष्णता निर्माण होते. वाहिनीच्या टोकाशी असलेल्या गावांत सायंकाळी दाब आधीच कमी असतो. त्यात ही घट मिळाल्यास चार्जिंग लांबते किंवा खंडित होते.

६. चंद्रपूरचा उन्हाळा आणि तारेची जाडी

चंद्रपूरचे नाव उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या शहरांत वारंवार येते. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे नित्याचे असून काही वर्षी तो ४८ अंशांपर्यंत पोहोचला आहे. पश्चिमेकडील भिंतीवरच्या किंवा पत्र्याच्या छपराखालच्या नळीतील तापमान याहूनही अधिक असते. वीजतारांची वहनक्षमता देणारे आंतरराष्ट्रीय तक्ते मात्र सामान्यतः ३० अंश हवेचे तापमान गृहीत धरतात.

पीव्हीसी आवरणाच्या तारेचा वाहक ७० अंशांपेक्षा अधिक तापू नये, असा दंडक आहे. हवा ३० अंशांवर असताना तारेस ४० अंशांची वाढ परवडते. हवा ५० अंशांवर गेल्यास केवळ २० अंशांची. म्हणून ५० अंश तापमानास वहनक्षमतेला ०.७१ ने गुणावे लागते. भिंतीवरील नळीतून नेलेल्या दोन तारांसाठी या गुणाकाराचे परिणाम असे दिसतात :

२.५ चौरस मिलिमीटर : ३० अंशांस २४ अँपिअर, ५० अंशांस सुमारे १७ अँपिअर.
४ चौरस मिलिमीटर : ३० अंशांस ३२ अँपिअर, ५० अंशांस सुमारे २३ अँपिअर.
६ चौरस मिलिमीटर : ३० अंशांस ४१ अँपिअर, ५० अंशांस सुमारे २९ अँपिअर.
१० चौरस मिलिमीटर : ३० अंशांस ५७ अँपिअर, ५० अंशांस सुमारे ४० अँपिअर.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. १५ अँपिअरच्या केबल चार्जरसाठी २० अँपिअरचा एमसीबी घातल्यास २.५ ची तार उन्हाळ्यात असुरक्षित ठरते, कारण एमसीबी पडण्यापूर्वीच तार तापते. तेथे ४ ची तार हवी. तसेच ३२ अँपिअरच्या भिंतीवरील चार्जरसाठी अन्यत्र पुरेशी मानली जाणारी ६ ची तार चंद्रपूरच्या दुपारी अपुरी पडते. तेथे १० ची तार किंवा अधिक तापमान सहन करणाऱ्या एक्सएलपीई आवरणाची केबल योग्य होय. मे महिन्यात रात्री उशिरा चार्जिंग करणे हा तारेस व विजेरीस दोहोंस हितकर असा उपाय आहे, पण तो योग्य जाडीच्या तारेला पर्याय नव्हे. एमसीबी स्वतःही उष्णतेवर चालतो. उन्हात तापणाऱ्या पेटीत तो विनाकारण पडू लागतो आणि मग अधिक अँपिअरचा एमसीबी बसविण्याचा मोह होतो. तारेची जाडी न वाढविता एमसीबी वाढविणे म्हणजे संरक्षण काढून टाकण्यासारखेच आहे.

७. अर्थिंग आणि वीजगळती रक्षक

घरगुती चार्जिंगमधील जीविताशी थेट संबंधित असा हा भाग आहे. वाहनाचा सांगाडा धातूचा असतो, वाहन अंगणात ओल्या जमिनीवर उभे असते आणि त्यास हात लावणारी व्यक्ती अनवाणी असू शकते. आतील फेज तारेचे आवरण खराब होऊन ती सांगाड्यास टेकली तर काय होते?

ग्रामीण व निमशहरी भागात खांबावरून घरात बहुधा फेज व न्यूट्रल अशा दोनच तारा येतात आणि अर्थिंग घरमालकास स्वतः करावी लागते. अशा घराच्या अर्थिंगचा रोध १५ ओहम व रोहित्राच्या अर्थिंगचा ५ ओहम धरू. एकूण रोध २० ओहम झाला. २३० व्होल्ट दाबास प्रवाह केवळ ११.५ अँपिअर होतो. २० अँपिअरचा एमसीबी या प्रवाहास पडणार नाही. दरम्यान वाहनाच्या सांगाड्यावर ११.५ गुणिले १५ म्हणजे १७२ व्होल्टहून अधिक दाब कायम राहील. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही सांगाडा प्राणघातक आहे.

ही उणीव वीजगळती रक्षक भरून काढतो. बाजारात तो आरसीसीबी या नावाने मिळतो. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि फरक पाचपट असल्यास ४० मिलिसेकंदांच्या आत तो पुरवठा तोडतो. मानवी शरीरातून याहून अधिक प्रवाह सेकंदभर किंवा जास्त काळ गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलिअँपिअर ही मर्यादा त्यावरूनच आली आहे. वरील उदाहरणात ११.५ अँपिअरचा फरक पडताच रक्षक क्षणार्धात पुरवठा तोडील. उन्हाळ्यात जमीन सुकून एकूण रोध २०० ओहम झाला तरी १.१५ अँपिअरची गळती त्याच्या दृष्टीने मोठीच असते.

रक्षकाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. जुन्या घरांतील ‘एसी’ प्रकारचे रक्षक केवळ प्रत्यावर्ती गळती ओळखतात. वाहनातील चार्जर प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करीत असल्याने बिघाडात एकदिश गळतीही संभवते. ही गळती रक्षकाच्या लोहगाभ्यास संपृक्त करते व तो आंधळा होतो. म्हणून किमान ‘ए’ प्रकाराचा रक्षक आवश्यक असून ६ मिलिअँपिअरची एकदिश गळती ओळखणारी सोय चार्जरमध्येच नसल्यास ‘बी’ प्रकाराचा रक्षक घ्यावा लागतो. चार्जर विकत घेताना ही एक गोष्ट तपशीलपत्रकात पाहणे पुरेसे असते.

या ठिकाणी एका घातक प्रथेचा उल्लेख आवश्यक आहे. अर्थिंग नसल्याने चार्जर सुरू होत नाही, तेव्हा सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून चार्जरची फसवणूक केली जाते. लाल दिवा जातो, वाहन चार्ज होऊ लागते, आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. परंतु अंगणातील किंवा खांबावरील न्यूट्रल तार तुटली की वाहनाच्या सांगाड्यावर थेट २३० व्होल्ट येतात. जंगलभागात वादळात फांद्या पडून न्यूट्रल तुटणे ही दुर्मीळ घटना नाही. अशी जोडणी करून देणाऱ्यास ती तत्काळ काढावयास लावली पाहिजे. वीजगळती रक्षक बसविलेल्या मंडलात ही जोडणी केल्यास रक्षक वारंवार पडतो. त्यावर उपाय म्हणून रक्षकच काढून टाकला गेल्यास धोका दुप्पट होतो.

या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना गळतीच्या प्रवाहाचा धोका वेगळ्या संदर्भात परिचित आहे. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी कुंपणाच्या तारेत बेकायदेशीरपणे वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार घडतात व त्यात माणसे, वाघ आणि अन्य वन्यप्राणी बळी पडतात. शरीरातून जमिनीत जाणारा प्रवाह मारण्यास पुरेसा, पण फ्यूज वितळविण्यास अपुरा असतो, हे त्यामागील कारण आहे. रक्षकाविना चार्ज होणाऱ्या, अर्थिंग नसलेल्या वाहनाचा सांगाडा सदोष झाल्यास तो याच नियमाने वागतो.

८. जमीन, पाणी, विजा आणि धूळ

अर्थिंगचा रोध मातीतील ओलाव्यावर अवलंबून असतो. खडकाळ व मुरमाड जमिनीत तो मुळातच अधिक असतो आणि मे महिन्यात आणखी वाढतो. आयएस ३०४३ नुसार जस्तलेपित नळीचा इलेक्ट्रोड किमान २.५ मीटर लांब असावा. खडक लागल्याने हातभर खड्ड्यात नळी पुरून काम आटोपणे ही नित्याची चूक होय. अशा जागी एकाऐवजी दोन इलेक्ट्रोड, त्यांच्या लांबीच्या दुपटीएवढ्या अंतरावर पुरून समांतर जोडावेत. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. अर्थिंगचे मापन पावसाळ्यात न करता एप्रिल-मे मध्ये करावे, म्हणजे सर्वांत प्रतिकूल स्थितीतील आकडा मिळतो.

सॉकेटची ८०० मिलिमीटर उंची ही किमान मर्यादा आहे. इरई व वर्धा नद्यांचे पाणी चंद्रपूर परिसरातील वस्त्यांत शिरल्याचा अनुभव जुलै २०२२ मध्ये आला. भामरागड येथे पर्लकोटा नदीच्या पुराने गावाचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटतो. पूररेषेतील घरांत चार्जर व त्याची वितरण पेटी पूर्वी आलेल्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर असावी. पाण्यात बुडालेला चार्जर वाळला तरी तपासणीविना पुन्हा सुरू करू नये.

पूर्व विदर्भात मान्सूनपूर्व व मान्सून काळात विजा पडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. वाहिनीवर दूर कोठे वीज पडली तरी क्षणिक उच्च दाब तारेतून घरात येतो व चार्जरमधील तसेच वाहनातील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी करू शकतो. वितरण पेटीत दाबलाट रोधक बसविणे आणि गडगडाट सुरू होताच वाहनाची केबल काढून ठेवणे हे दोन उपाय सोपे आहेत. मात्र केबल काढण्यासाठी वादळ डोक्यावर असताना अंगणात जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ ॲपवरून पूर्वसूचना मिळू शकते. त्रिफेज वाहिनीची न्यूट्रल तुटल्यास एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. त्यासाठी अधिक-उणे दाब ओळखून पुरवठा तोडणारे उपकरणही उपयुक्त ठरते.

चंद्रपूरच्या हवेतील कोळशाची धूळ व राख हा आणखी एक घटक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो व जोडांवर गळतीचा मार्ग तयार करतो. म्हणून उघड्या अंगणातील चार्जर धूळ व पाणी या दोहोंपासून संरक्षित, म्हणजे किमान आयपी ५४ दर्जाच्या आवरणाचा असावा. जंगलालगतच्या घरांत उंदीर तारा कुरतडतात व उधळी लाकडी बोर्ड पोखरते. तेथे तारा पक्क्या नळीतून नेणे व बोर्ड लाकडाऐवजी अग्निरोधक साहित्याचा वापरणे आवश्यक आहे.

९. विजेरी आणि दुचाकी

दुचाकीचा चार्जर लहान असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. दुचाकीची काढता येणारी विजेरी घरात आणून चार्ज केली जाते आणि धोका घरात येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या विजेरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात सिकंदराबाद येथे विद्युत दुचाकींच्या दालनात लागलेल्या आगीच्या धुराने वरच्या मजल्यावरील लॉजमधील आठ जणांचा बळी घेतला. त्या वर्षीच्या आगीच्या घटनांनंतर केंद्र शासनाने विजेरीसंबंधीची मानके अधिक कडक करून डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली.

लिथियम विजेरीची आग ही वायरिंगच्या आगीहून भिन्न असते. एका घटातील अतिउष्णता शेजारच्या घटात पसरते, विषारी धूर निर्माण होतो व विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा भडकते. म्हणून झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा घराबाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी विजेरी चार्ज करू नये. उन्हातून आलेल्या वाहनाची विजेरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी. वाहनासोबत मिळालेल्या चार्जरऐवजी दुसरा स्वस्त चार्जर वापरू नये. कुडाच्या भिंती, कौलारू छपराचे लाकूड किंवा गुरांसाठी साठविलेली वैरण जवळ असल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी.

१०. प्रत्यक्ष कार्यवाहीचा क्रम

वाहन खरेदी करण्यापूर्वीच पुढील क्रम पाळणे हितावह आहे.

प्रथम, वीजबिलावरील मंजूर भार पाहावा. ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच बहुसंख्य घरांच्या मंजूर भाराहून मोठा असतो. महावितरणकडे भारवाढीचा किंवा स्वतंत्र जोडणीचा अर्ज करावा. परवानगीविना भार वाढविल्यास त्याच रोहित्रावरील शेजाऱ्यांच्या पुरवठ्यावरही परिणाम होतो.

दुसरे, चार्जरची निवड गरजेनुसार करावी. दररोज ५०-६० किलोमीटर प्रवास असणाऱ्यास रात्रीच्या चार्जिंगसाठी ३.३ किलोवॅट सहसा पुरतात. मोठा चार्जर म्हणजे अधिक सोय असे नेहमीच नसते.

तिसरे, परवानाधारक ठेकेदाराकडून मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी व योग्य प्रकारचा वीजगळती रक्षक बसवून घ्यावा आणि अर्थिंग नव्याने करून घ्यावे.

चौथे, काम पूर्ण झाल्यावर तीन चाचण्यांचे आकडे लेखी मागावेत : तारेच्या आवरणाचा रोध ५०० व्होल्ट मेगरने किमान १ मेगओहम, अर्थिंगचा रोध, आणि वीजगळती रक्षक पडण्याचा काळ. ‘सर्व ठीक आहे’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

पाचवे, वापर सुरू झाल्यावर रक्षकावरील चाचणीचे बटण दर महिन्याला किंवा उत्पादकाने सांगितलेल्या कालावधीत दाबून पाहावे. पहिल्या आठवड्यात चार्जिंग संपल्यावर पुरवठा बंद करून प्लग हाताने तपासावा; तो हात लावता न येण्याइतका गरम असल्यास चार्जिंग थांबवून जोड तपासून घ्यावेत.

११. महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालयांच्या आवारात प्राध्यापक व विद्यार्थी कार्यालयातील किंवा प्रयोगशाळेतील सॉकेटवरून खिडकीतून वायर काढून दुचाकी चार्ज करीत असल्यास ती बाब प्राचार्यांनी गांभीर्याने घ्यावी. त्याऐवजी वाहनतळावर स्वतंत्र मंडलाचे, रक्षकयुक्त असे दोन-तीन बिंदू उपलब्ध करून देणे अधिक सुरक्षित आहे. भौतिकशास्त्र विभागास अर्थिंगचा रोध मोजण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या घरांपर्यंत नेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील घरांचे अर्थिंग व वीजगळती रक्षक तपासणे हा उपक्रम खर्चिक नाही. चंद्रपूर व गडचिरोली येथील तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी स्थानिक तारतंत्र्यांसाठी या विषयावरील अल्प मुदतीचे वर्ग घेतल्यास त्याचा लाभ सर्वाधिक होईल, कारण नियम कितीही उत्तम असले तरी ते प्रत्यक्षात उतरतात ते पकड व स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाकडूनच.

१२. निष्कर्ष

(१) घरगुती चार्जिंगला परवाना नको असला तरी वायरिंग, अर्थिंग व संरक्षण यांचे नियम बंधनकारक स्वरूपाचे आहेत व त्या प्रत्येकामागे निश्चित शास्त्रीय कारण आहे.

(२) चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात प्रचलित तक्त्यांतील तारेची जाडी अपुरी पडू शकते. १५ अँपिअर चार्जरसाठी ४ व ३२ अँपिअर चार्जरसाठी १० चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तांब्याची तार सुरक्षित ठरते.

(३) केवळ अर्थिंग किंवा केवळ एमसीबी जीवितरक्षणास पुरेसे नाही. ३० मिलिअँपिअरचा योग्य प्रकारचा वीजगळती रक्षक अनिवार्य मानला पाहिजे.

(४) न्यूट्रल व अर्थ जोडून चार्जर सुरू करण्याची प्रथा त्वरित थांबणे आवश्यक आहे.

(५) पूर, विजा, धूळ व उंदीर-उधळी यांचा विचार करून चार्जरची जागा, उंची व आवरण ठरवावे.

विद्युत वाहनाचा प्रसार या दोन्ही जिल्ह्यांत वाढत जाणार आहे. वाहनाच्या किमतीच्या तुलनेत स्वतंत्र तार, रक्षक व नीट केलेले अर्थिंग यांचा खर्च अत्यल्प असतो. हा खर्च वाहनखरेदीच्या अंदाजपत्रकातच धरला जावा, हीच या विवेचनाची मुख्य शिफारस होय.